पुढच्या रांगेतली मामी

डी.एड. होऊन मी नोकरीची वाट पाहत घरात बसले होते. आईच्या मते नुसतीच बसले होते. अशात दिल्लीहून मामीचा फोन आला. मामांना पेन्शन येणार होती. म्हणजे फौजेतली नोकरी संपवून ते कायमचे गावी येणार होते, आणि क्वार्टर रिकामं करण्याआधी बांधाबांध करायला मामीला हाताशी कुणीतरी हवं होतं. आईनं फोन ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि माझी रवानगी ठरली. मला कुणी विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी उड्याच मारल्या असत्या, म्हणून बरंच झालं. निघताना आईनं ज्वारीच्या पिठाचा डबा, शेंगदाण्याची चटणी, काळ्या मसाल्याची बरणी आणि चार घोंगड्यांएवढ्या जड सूचना बरोबर दिल्या. डबे पोचले. सूचना बहुतेक भुसावळच्या आसपासच कुठंतरी सांडल्या.

मामांचं क्वार्टर कॅन्टोन्मेंटमध्ये होतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि मागच्या अंगाला मामीनं राखलेला हातभर मेथीचा वाफा. पहाटे आधी मोर ओरडायचे, मग पी.टी.च्या शिट्ट्या, मग शेजारच्या गढवाली भाभींच्या प्रेशर कुकरची शिट्टी, आणि या सगळ्यावर दर थोड्या वेळानं विमानतळाकडे उतरणारं विमान. विमान आलं की मांडणीवरची ताटं किणकिणायची आणि बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबायचा. विमान गेलं की वाक्य पुन्हा तिथूनच पुढे. त्या घरात भांडणंसुद्धा अशीच व्हायची, मध्ये दोन-तीन विमानांची विश्रांती घेत. त्यामुळे ती कधी फार पेटली नाहीत. हिवाळा होता. सकाळी चुलीशी नाही, पण गॅसशी खेटून बसावंसं वाटायचं. मामी भाकरी थापायची, मामांची आठ वर्षांची पिंकी दप्तर पाठीला अडकवून उभ्या उभ्या खायची, आणि मामा दारातल्या आरशात टोपीचा कोन ठरवत असायचे. पिंकी दिल्लीतच वाढलेली. तिला 'उंबरा' माहीत नव्हता, 'फडताळ' माहीत नव्हतं, पण 'बिल्कुल' आणि 'यार' हे शब्द तिच्या वाक्यात मिठासारखे पडायचे. "मम्मी यार, भाकरी बिल्कुल गरम आहे," असं ती म्हणायची आणि मामी तिला "आईला यार म्हणतात का गं?" म्हणून लटकं रागवायची.

बांधाबांधीला सुरुवात केली त्या दुपारची गोष्ट. फौजी घरात असतात तशा काळ्या लोखंडी पेट्या होत्या, त्यांवर पांढऱ्या रंगात मामांचं नाव. मी कप आणि बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होते. मामी एका पेटीवर टेकली आणि एकदम म्हणाली, "अर्चे, गावाकडं बाया विचारतील, इतकी वर्षं दिल्लीत होतीस, काय काय पाहिलंस? मी काय सांगू? कॅन्टीन पाहिलं, फौजी दवाखाना पाहिला, पिंकीची शाळा पाहिली?" मला वाटलं ती गमतीनं बोलते आहे, पण तिचे डोळे भरले होते. मामांची दिल्लीतली ही दुसरी पोस्टिंग होती. मामीनं दोन्ही खेपांना मिळून करोल बागेत दोनदा पडदे घेतले होते, एवढंच तिचं दिल्लीदर्शन. मी म्हटलं, "मामी, अजून महिनाभर आहे. काय बघायचंय सांग." तिनं फार विचार केला नाही. बहुतेक ते तिच्या ओठांवरच होतं. "म्युझियम, किल्ले तू म्हणशील ते बघू. पण मला एकदा नाटक बघायचंय. पुढं बसून. तोंडं दिसतील असं."

हे 'तोंडं दिसतील असं' मला तेव्हा नीट कळलं नाही, म्हणून तिनं समजावून सांगितलं. गावच्या जत्रेत तमाशाचा फड यायचा, तेव्हा बाया आणि पोरी लांब शाळेच्या ओट्यावर उभ्या राहायच्या. तिथून फक्त कंदिलासारखे दिवे आणि हलणारे रंग दिसायचे. लग्न होऊन फौजेत आली. तिथं बायकांसाठी कार्यक्रम असायचे, गाणी, नकला, कधी बसवलेलं छोटं नाटकही. पण तिथं पुढं सोफे, सोफ्यांवर साहेब लोक आणि त्यांच्या मॅडम, मग खुर्च्यांवर सुभेदारांच्या घरचे, मग जवानांच्या बायका. तिथली रीतच ती, आणि कुणाला त्यात वावगंही वाटत नसे. मामीलाही नाही. फक्त इतक्या वर्षांत तिला सोंग काढणाऱ्याचं तोंड म्हणून दिसलं नव्हतं. "लोक हसतात तेव्हा मी हसते," ती म्हणाली, "पण कशाला हसले ते मला घरी आल्यावर तुझे मामा सांगतात."

मामांना हे सांगितलं तेव्हा ते बूट पॉलिश करत होते. त्यांच्या मते दिल्ली पाहायची एक पद्धत होती: इंडिया गेट, आइस्क्रीम, परत. म्युझियममध्ये असतं काय, फुटकी भांडी! पण त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी नियम घालून दिले. पिंकीची शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशीच जायचं, अंधार पडायच्या आत क्वार्टरला परत, आणि संध्याकाळी रिपोर्ट. रिपोर्ट म्हणजे खरोखरच रिपोर्ट. जेवणाआधी आम्हा तिघींना ओळीत उभं करून मामा विचारायचे, "आज काय पाहिलं? एकेक जण बोला." आणि पिंकी सावधानमध्ये उभी राहून सांगायची, "पप्पा, आज आम्ही एक इंजिन पाहिलं, ते इतकं मोठं होतं की त्याच्या आत मम्मी बसू शकते."

ते इंजिन रेल्वेच्या संग्रहालयातलं. कॅन्टोन्मेंटहून जवळ, म्हणून पहिली स्वारी तिकडे. दाराशी गेल्यावर मामीनं पर्समधून आपलं डिपेंडंट कार्ड काढलं आणि पहारेकऱ्यासमोर धरलं. हे कार्ड म्हणजे फौजी माणसाच्या घरच्यांची ओळख. कॅन्टीन, दवाखाना, क्वार्टरचं फाटक, सगळीकडे तेच दाखवावं लागतं, आणि मामीच्या मनानं घेतलं होतं की साऱ्या जगाला एकच फाटक आहे. पहारेकरी म्हणाला, "मैडम, टिकट दिखाइए, यह नहीं चाहिए." पुढच्या वेळी तिनं तिकीट आणि कार्ड दोन्ही दाखवलं. शेवटपर्यंत दाखवत राहिली. एका गॅलरीतल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं मात्र ते कार्ड हातात घेऊन नीट वाचलं, फोटोशी चेहरा ताडून पाहिला आणि "जाइए" म्हणत मान लववली. मामी दिवसभर खूश होती. "बघ, इथं शिस्त आहे," मला म्हणाली.

मग आम्हाला चटकच लागली. बाहुल्यांचं संग्रहालय झालं. तिथं देशोदेशींच्या बाहुल्या काचेत उभ्या होत्या आणि पिंकीनं त्यांच्यापैकी निम्म्यांची बारशी करून टाकली. हस्तकलांचं झालं. तिथल्या अंगणात मातीच्या घोड्यांच्या रांगेजवळ बसून आम्ही धपाटे आणि चटणी खाल्ली. जनपथवरच्या मोठ्या संग्रहालयात तर आम्ही तीनदा गेलो. तिथं मातीची हजारो वर्षांपूर्वीची भांडी होती आणि मामांचं 'फुटकी भांडी' हे भाकीत निम्मं तरी खरं ठरलं होतं. मामी त्या भांड्यांपुढे थबकली. "एवढी जुनी? अगं, ही तर आपली सुगडी," म्हणाली. संक्रांत तोंडावर आली होती. त्या संध्याकाळी रिपोर्टमध्ये तिनं मामांना सांगितलं, "तुम्हाला फुटकी वाटतात, पण एकाला पण तडा नाही. माझ्या हातची सुगडी एक सणभर टिकत नाहीत." मामांनी त्यावर काही शेरा मारला नाही. फौजी रिपोर्टमध्ये हा फार मोठा विजय असतो.

आमच्या या भटकंतीची मामीनं एक पद्धत बसवून टाकली होती. कुठंही गेलो की आधी पाण्याचा नळ शोधायचा, मग बाथरूम, मग ऊन पडलेली हिरवळ, जिथं डबा खाता येईल, आणि या तीन गोष्टी नक्की झाल्या की मगच कला. मी तेव्हा मनातल्या मनात हसायचे. आता माझे गुडघे बोलायला लागल्यापासून मीही कुठल्याही प्रदर्शनात शिरताना आधी बाक कुठं आहे ते पाहते, आणि मामीच्या दूरदृष्टीला नमस्कार करते. हिरवळीवर बसून आम्ही पेरू खायचो, उन्हात पाठ शेकायचो, आणि आजूबाजूच्या कॉलेजच्या मुलामुलींकडे पाहून मामी "पोरींनी स्वेटर का घातले नाहीत?" अशी काळजी करायची. माझ्या आयुष्यात मी इतकी निर्धास्त, इतकी आनंदात क्वचितच असेन. सकाळी उठल्यावर 'आज कुठं?' एवढाच प्रश्न.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. मामी कुठल्याही वस्तूच्या जवळ जायची नाही. आधुनिक चित्रांच्या गॅलरीत ती प्रत्येक चित्र समोरच्या भिंतीला पाठ टेकवून पाहायची. तिथं दोरी नव्हती, रेघ नव्हती, गर्दी तर नव्हतीच. एकदा दालनात आम्ही तिघीच होतो, तरी ती लांब. मी म्हटलं, "मामी, पुढे ये की. रंगाचे फटकारे दिसतात बघ." ती म्हणाली, "इथून बरं दिसतंय. पुढं कुणी येईल." कोण येणार होतं? पण तिच्या मनात कायम कुणीतरी यायचं असायचंच, आणि त्या कुणासाठी पुढची जागा मोकळी ठेवायची असायची. मी तिला हात धरून ओढलं तर ती दोन पावलं पुढे आली आणि मी हात सोडल्यावर हळूच पुन्हा मागं सरकली.

याच सवयीनं आमच्या पहिल्या नाटकाचा घात केला. हिवाळ्यात मंडी हाऊसच्या आसपास नाटकांची चंगळ असते. एका रविवारी दुपारच्या खेळाची तिकिटं काढली. द्वारकेच्या बाजूनं मेट्रो पकडली, करोल बाग आल्यावर पिंकीनं नेहमीप्रमाणे "इथं उतरू ना यार" केलं, आणि आम्ही वेळेत पोचलो. तिकिटावर नंबर नव्हते. जो आधी जाईल त्याला हवी ती खुर्ची. दार उघडल्यावर मी पुढे धावले, चौथ्या रांगेत तीन खुर्च्या अडवल्या, वळून पाहते तर मामी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून पदर सावरत बसलेली. खुणा केल्या, हाका मारल्या. ती मानेनं 'नको' म्हणत राहिली. शेवटी मीच मागं गेले. नाटक सुरू व्हायच्या वेळेला तिच्यासमोर एक उंच गृहस्थ येऊन बसला. डोक्याला मफलर गुंडाळलेला, वर लोकरीची टोपी. मामीनं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मग हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसली. लोक हसले तेव्हा तीही हसली. परतीच्या मेट्रोत राजीव चौक गेलं, करोल बाग गेलं, आणि मग म्हणाली, "बाईचा आवाज गोड होता." तिच्यावर चिडावं की तिला जवळ घ्यावं हे मला कळेना. मी नुसती तिच्या हातावर हात ठेवून बसले.

दिवस सरत आले. पेट्या मालगाडीनं पुढे गेल्या. घरात उरली सतरंजी, दोन पातेली, आणि विमान आल्यावर किणकिणायला एकच ताट. मेथीचा वाफा मामीनं गढवाली भाभींच्या नावे केला. निघायच्या आधीच्या शनिवारी मी मामांपुढे उभी राहिले, सावधानमध्येच, आणि म्हटलं, "मामा, रिपोर्ट आहे. मामीनं दिल्लीत सगळं पाहिलं, पण जे पाहायचं होतं ते पाहिलं नाही. उद्या नाटक आहे. तुम्ही बरोबर चला." मामा म्हणाले, "मी? नाटकाला?" मामी आतून म्हणाली, "त्यांना कशाला त्रास? मला काही बघायचं नाही आता." तिचा तो 'आता' मामांच्याही कानात गेला असावा. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि हुकूम सोडला, "उद्या दोन वाजता सगळे तयार. स्वेटर घालून."

फौजी माणसाबरोबर नाटकाला जायचं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. खेळ साडेचारचा. आम्ही साडेतीनलाच दारात. कुठंही सांगितलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी फॉलइन व्हायचं, रांगेत हजर राहायचं, हा मामांच्या रक्तातला नियम, त्यामुळे रांगेत पहिले आम्हीच. आमच्यामागे हळूहळू रांग वाढली, आणि मामी दर दोन मिनिटांनी मागं वळून पाहू लागली. "यांना पुढं जाऊ दे का?" ती मला विचारायची. मी म्हणायचे, "मामी, रांग म्हणजे काय असते?" शेवटी दार उघडलं. आत अंधूक उजेड होता, आणि हातात टॉर्च घेतलेला एक तरुण सगळ्यांना एकच वाक्य सांगत होता, "आगे से भरिए, आगे से भरिए." मामी सवयीनं मागच्या रांगेकडे वळली. त्यानं टॉर्च आडवा धरला. "नहीं आंटी, आगे से. पीछे वाली बाद में भरेंगी." मामीला कुणीतरी पुढं बसायचा हुकूम देतं आहे हे मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि हुकूम म्हटल्यावर मामाही काय करणार? आम्ही चौघं थेट पहिल्या रांगेत, मधोमध. समोर हातभरावर रंगमंच. मामी खुर्चीच्या टोकावर बसली, पर्स पोटाशी धरून, बसमधून उतरायच्या बेतात असलेल्या प्रवाशासारखी.

सभागृह भरत गेलं. आमच्या मागची रांगही जवळजवळ भरली होती. आणि मग मामांच्या अंगातून वीज गेल्यासारखं झालं. ते ताडकन उभे राहिले. "जय हिंद साब!" सभागृहातल्या सगळ्या माना वळल्या. मधल्या वाटेत मामांच्या युनिटचे मोठे साहेब उभे होते, साध्या कपड्यांत, गळ्यात मफलर, आणि शेजारी त्यांच्या मॅडम. त्यांना उशीर झाला होता आणि ते जागा शोधत होते. पहिली रांग पूर्ण भरलेली होती. मामा कुजबुजले, "उठा, उठा. साहेबांना बसू दे. आपण मागं जाऊ." पिंकी उठली. मीही उठले, खरं सांगायचं तर काही न सुचून उठले. मामी अर्धी उठली. तिचा हात पदराकडे गेला, डोळे मागच्या भिंतीकडे गेले. मला वाटलं, आता ती मागं जाईल, पुन्हा भिंतीला टेकेल, आणि उद्या गाडी.

मामी पुन्हा बसली. टोकावर नाही, पाठ टेकून बसली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि मामांना हळू आवाजात, पण आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्ही तुमची खुर्ची द्या. मी नाही उठणार." मामांचं तोंड उघडंच राहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य त्यांच्या ओळखीचं नव्हतं. मग साहेबांनीच हात हलवला. "अरे बैठो हवालदार, बैठो. यहाँ कौन सी परेड है? पहले आए हो, पहले बैठो." आणि ते आमच्या बरोबर मागच्या दोन रिकाम्या खुर्च्यांवर जाऊन बसले. पिंकी मोठ्यानं म्हणाली, "मम्मी, तू तर कमाल केलीस यार." यावेळी मामी रागवली नाही.

मामांची अवस्था मात्र बघवत नव्हती. पुढं नाटक, मागं साहेब. साहेबांच्या आड आपलं डोकं येईल म्हणून ते खुर्चीत खाली खाली घसरत गेले. गुडघे रंगमंचाला लागायच्या बेतात आले, तेव्हा मागून एक हात आला आणि त्यांच्या खांद्यावर थोपटून गेला. "सीधे बैठो. मुझे दिख रहा है." मामा ताठ झाले. मग दिवे गेले.

नाटक साधंच होतं. एका घरातली सासू वारते आणि तिचा तांब्याचा हंडा कुणी घ्यायचा यावरून तीन जावा भांडतात, एवढीच गोष्ट. पण तीन जावा आमच्यापासून हातभर अंतरावर भांडत होत्या. मामी पुढं झुकली, हनुवटी हातावर टेकवली आणि एकदाही डावीकडे-उजवीकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. मधल्या जावेचं काम करणाऱ्या बाईच्या नाकावर तीळ होता, ती रागावली की नाकपुडी थरथरायची. धाकटीचं काजळ डोळ्याच्या कोपऱ्यात उतरलं होतं. मोठी जाऊ गप्प बसलेली असताना तिचा ओठ कसा दातांखाली जातो, ते सगळं दिसत होतं. मामी माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "अर्चे, घाम दिसतोय गं तिचा." कुणाला देव दिसला असता तरी आवाज इतका कापला नसता. नाटक पुढे गेलं. बाकी दोघी जावांनी हंडा सोडून सगळा पसारा वाटून घेतला, गप्प राहणाऱ्या मोठीच्या वाट्याला काहीच आलं नाही, आणि ती हंड्यापाशी एकटी उभी राहून प्रेक्षकांकडे वळली. तिनं नेमकं मामीकडे पाहिलं आणि विचारलं, "अब आप ही बताइए, मैं क्या करूँ?" पुढचा उतारा तिचा तिनंच बोलायचा होता. पण मामीला कुणी तोंडाकडे पाहून काही विचारलं की उत्तर द्यायची सवय. ती स्वच्छ मराठीत, मोठ्या आवाजात म्हणाली, "हंडा उचल आणि चालू लाग!"

अख्ख्या सभागृहात हशा उसळला. मराठी कळली नसेल त्यांनाही हंडा कळला होता. ती नटी गालातल्या गालात हसली, मामीकडे पाहून मान हलवली, आणि खरंच हंडा कमरेवर घेऊन भरभर दोन पावलं चालून आली. नंतर मूळ नाटकात परत गेली, पण आता ते नाटक मामीचंही झालं होतं. आणि माझ्या शेजारून एक विचित्र आवाज यायला लागला. मामा हसत होते. आधी दाबून, मग साहेबांना विसरून, मग डोळे पुसत. मागून साहेबही हसत होते. मी मामांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आज मामांचा विचार मनात आला की गणवेशातले मामा नाहीत आठवत, खुर्चीत हसून लोळणारे मामा आठवतात.

बाहेर पडल्यावर व्हरांड्यात मॅडम मामीजवळ आल्या. "आप हमारी यूनिट की हैं? मैंने आपको पहले कभी देखा नहीं," त्या म्हणाल्या. मामीनं नमस्ते केलं आणि म्हणाली, "मैंने देखा है मैडम. आपका जूड़ा मैं दूर से पहचानती हूँ. हमेशा पीछे से वही दिखता था." मामांनी डोळे मिटले. मॅडम आपल्या अंबाड्याला हात लावून इतक्या हसल्या की त्यांना मामीचा दंड धरावा लागला. "आपका नाम?" त्यांनी विचारलं. "मंगल," मामी म्हणाली. एवढंच. पण परतीच्या मेट्रोत ती ताठ बसली होती, आणि करोल बाग आल्यावर पिंकीऐवजी तीच म्हणाली, "उतरायचं का यार?" आम्ही उतरलो, आणि गर्दीत उभ्यानं गरम जिलबी खाल्ली. मामांनी त्या संध्याकाळी रिपोर्ट घेतला नाही.

मला पुढं नोकरी लागली, बदल्या झाल्या, माझ्या शाळेच्या मुलांना मी अनेक संग्रहालयं दाखवली आणि प्रत्येक वेळी काचेला नाक लावून पाहायची सवय लावली. मामा-मामी गावीच राहिले. मामीला बायांनी दिल्लीत काय पाहिलंस विचारलं तेव्हा ती काय म्हणाली, ते मला कुणीतरी नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "माणसांची तोंडं पाहिली."

अलीकडे त्यांच्या गावच्या शाळेत गॅदरिंग होतं, तिथं मला बोलावलं होतं. मला पोचायला उशीर झाला. मंडपाच्या दाराशी मामा उभे होते, पाठीत वाकलेले, अंगात तोच जुना फौजी स्वेटर, हातात टॉर्च. गावातल्या बाया सवयीनं लांब ओट्याकडे निघाल्या होत्या, आणि मामा टॉर्च आडवा धरून त्यांना खणखणीत आवाजात सांगत होते, "आगे से भरिए! आगे से!" पहिली रांग नऊवारीतल्या बायांनी गच्च भरली होती, आणि सरपंच दुसऱ्या रांगेत मुकाट बसले होते. मधोमध मामी. केस पार पांढरे, चष्मा जाड. शेजारच्या खुर्चीवर तिनं माझ्यासाठी आपली शाल टाकून ठेवली होती. मी बसले. समोर दुसरीतला एक मुलगा मिशा चिकटवून राजा झाला होता आणि त्याला पुढचं वाक्य आठवत नव्हतं. मामी माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "अर्चे, घाम दिसतोय गं पोराचा."